चार उपमहापौर

४ नोव्हेंबर, मंगळवार
निवडून आलो. तिसऱ्यांदा. माझ्याविरुद्ध कुणीच उभं नव्हतं, तरीही केटलबरो शहराच्या पाचव्या वॉर्डाने मला एक्क्याण्णव टक्के मतं दिली. उरलेल्यांनी मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीत मनाला येईल ते नाव लिहिलं. सिटी क्लार्क ग्लेंडा सांगत होती, एकाने स्वतःच्या कुत्र्याचं लिहिलंय. कुत्र्याला एकूण दोन मतं. बायको म्हणाली, दुसरं मत माझं नाही हं, शप्पथ.

जोलीनला विनोद कुठे करावा ते कळत नाही.

संकल्प: या वेळी प्रत्येक सभेआधी अजेंड्याचा गठ्ठा पूर्ण वाचायचा. वजन उतरवायचं. आणि महापौर व्हायचं.

५ नोव्हेंबर
दमलोय. जिंकल्यावर एवढा थकवा का येतो कोण जाणे.

जोलीनने परत टूसॉनचा विषय काढला. तिची बहीण मॅक्सीन तिथे राहते, वरची खोली रिकामी आहे, ऊन आहे. जोलीनच्या गुडघ्यांना मिशिगनची थंडी सोसत नाही. म्हणाली, दुकान विकलंस तेव्हा म्हणाला होतास की आता हिवाळे तिकडे काढू. खरंय, म्हणालो होतो. चाळीस वर्षं गाद्या विकल्या, पण स्वतः कधी दुपारी आडवा झालो नाही. पण ५ जानेवारीला महापौराची निवड आहे. तिला म्हटलं, नंतर बघू.

८ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो, इथे वाचणारं कोण आहे. मला भिंतीवर फोटो हवाय. सिटी हॉलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्या महापौरांचे फोटो आहेत. आमच्याकडे महापौर जनता निवडत नाही, आम्ही सात नगरसेवक आपापसात दर दोन वर्षांनी निवडतो. माझ्या आठ वर्षांत बड झाला, डेंटिस्ट कोवाच झाला, हेलन तर दोनदा. मी रोज त्यांच्या दातांसमोरून बाथरूमला जातो.

जोलीन म्हणते, महापौराला काम तरी काय? शहर चालवतो तो पगारी मॅनेजर. महापौर फक्त सभेत हातोडा आपटतो आणि नवीन दुकानाची फीत कापतो. मी म्हटलं, तेच तर. म्हणजे फार वेळही द्यावा लागत नाही.

११ नोव्हेंबर
हिशेब सोपा आहे. चार मतं लागतात. एक माझं. तीन हवीत. सावधगिरी म्हणून चार मिळवणार.

युक्ती सुचली आहे. महापौर झाल्यावर उपमहापौर कोण, हे माझ्या शिफारशीवर ठरणार. उपमहापौर म्हणजे शोभेचं पद. पगार तोच, खुर्ची तीच, महापौर आजारी पडला तर बसायचं. पण द्यायला चांगलं आहे. आणि एकालाच द्यायचं असं कुठे लिहिलंय? म्हणजे द्यायचं एकालाच, सांगायचं सगळ्यांना. पुढचं पुढे.

१३ नोव्हेंबर
बडला त्याच्या गॅरेजमध्ये गाठलं. शनिवारी हरणांची शिकार सुरू होते, तो बंदूक पुसत बसला होता. म्हटलं, उपमहापौर तू. तो म्हणाला, अरे मी तर महापौर होऊन चुकलोय, वेंडेल. म्हटलं, म्हणूनच तर, अनुभवी माणूस हवा. बराच वेळ नळी पुसली आणि म्हणाला, बघू या, दोस्ता. त्याने माझं नाव सुचवायचंही कबूल केलं.

एक झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सभा. अंगणात कोंबड्या पाळाव्यात की नाही, यावर दोन तास. मग बोलण्याचा अर्ज भरलेल्या नागरिकांची तीन-तीन मिनिटांची भाषणं. खारींवाले मिस्टर डूली गेल्या आठ वर्षांप्रमाणे आजही उभे राहिले. खारी विजेच्या तारा कुरतडतात आणि पालिकेचं संगनमत आहे. कुणाशी, ते त्यांनी सांगितलं नाही. अजेंड्याचा गठ्ठा वाचला नव्हता. पुढच्या वेळेपासून नक्की.

सभेनंतर पार्किंगमध्ये नगरसेविका शिरलीला उपमहापौरपदाचं तेच सांगितलं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, हे तू आधी कुणाला बोलला नाहीस ना? म्हटलं, छे छे.

२० नोव्हेंबर
रेव्हरंड ग्रेडींना, तेही नगरसेवकच, चर्चच्या दारात गाठलं. ते म्हणाले, वेंडेल, तुम्ही माझ्यात जे पाहता ते देवाने अजून पाहिलेलं नाही. हा होकार आहे.

२४ नोव्हेंबर
कोवाचकडे दाढ दाखवायला गेलो. तोंडात कापूस असतानाच उपमहापौरपद देऊ केलं. त्याला पहिल्यांदा कळलं नाही, मग कापूस काढून परत सांगितलं. म्हणाला, विचार करतो, पण ही दाढ मात्र काढावीच लागेल. काढली. गाल सुजलाय. पाच मतं झाली.

हेलनला विचारलं नाही, ती आत्ताच पायउतार होतेय, रुसलेली असेल. आणि नवीन निवडून आलेली नूर हद्दाद, फार्मसीवाली, तिला काय विचारायचं? पोरगी पहिल्यांदाच आलीय. सगळे हात वर करतील तेव्हा तीही करेल.

२५ नोव्हेंबर
जोलीनने विचारलं, चौघांना एकच गोष्ट कशी काय देणार? तिला कायदा समजावला. नगरसेवकांपैकी चारजण खाजगीत एकत्र बसून शहराचा विषय बोलले की कायदा मोडतो. जे बोलायचं ते उघड्या सभेत, कॅमेऱ्यासमोर. म्हणजे हे चौघं एकमेकांशी ताळा करून बघूच शकत नाहीत. कायदाच माझ्या बाजूचा. (पालिकेचा तरुण वकील म्हणतो, एकेकाला गाठून असं बोलणंही बरं नव्हे. पण तो तरुण आहे.)

जोलीनने यावर काहीतरी विचारलं, पण तेवढ्यात फोन आला. मेपल स्ट्रीटवरच्या बाईंची अंगणातली झडलेली पानं पालिकेने उचलली नाहीत. वीस मिनिटं पानं ऐकली.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्की. मॅक्सीनचा फोन. तिकडे ती अंगणात बसून जेवतेय म्हणे, बाह्या वर करून. जोलीन फोन ठेवून खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर बर्फ. मी म्हटलं, जानेवारीनंतर नक्की. म्हणाली, कुठल्या जानेवारीनंतर?

संकल्प: वजनाचं उद्यापासून.

६ डिसेंबर
भाषण लिहिलं. नऊ पानं. हातोडा मारायची सवय हवी म्हणून स्वयंपाकघरात मांसाचा लाकडी ठोकणा घेऊन टेबलावर सराव केला. जोलीनने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलायस नुसता. तिच्या तोंडी सारखे गुडघेच येतात हल्ली.

१२ डिसेंबर
पालिकेच्या नाताळच्या पार्टीत चौघेही माझ्याकडे बघून हसले. वेगवेगळे उभे राहून हसले, हे विशेष. कायद्याला धरून. ज्यांनी आजवर मला कधी केक आणून दिला नाही त्यांनी आणून दिला. चार तुकडे खाल्ले. एकाचं घेऊन दुसऱ्याचं नाकारलं तर राजकारणात चालत नाही.

नूर हद्दाद जवळ आली आणि म्हणाली, मिस्टर ओस्टरहाउस, कोंबड्यांच्या ठरावातलं तेहतिसावं पान तुम्ही वाचलंत का? म्हटलं, वरवर. तिने पूर्ण वाचलं होतं. नवीन आहे, उत्साह असतो. दोन वर्षांत जाईल.

२२ डिसेंबर
फोटोसाठी निळा सूट घेतला. कमरेला घट्ट होतो, पण फोटो छातीपर्यंतच असतो.

बर्फ ढकलणाऱ्या गाडीने लोकांच्या दारात ढीग लावले. सकाळपासून बारा फोन. प्रत्येकाला म्हटलं, मी जातीने लक्ष घालतो. मग मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, घातलंय लक्ष. संपलं. या शहरात माझ्या हातात नक्की काय आहे, असा विचार जेवताना मनात आला. तो सोडून दिला.

१ जानेवारी
संकल्प: (१) गठ्ठा वाचणे. (२) वजन. (३) 'आदरपूर्वक सांगतो' म्हणून अपमान न करणे. (४) जोलीनला टूसॉन. क्रम महत्त्वाचा नाही.

४ जानेवारी, रविवार
उद्या. मतं: पाच नक्की, सहावं नूरचं, सातवं हेलन लाजेकाजेस्तव देईल. एकमताने निवड असं वर्तमानपत्रात येईल. जोलीनला सभेला चल म्हटलं. म्हणाली, टीव्हीवर बघते, आवाज बंद करता येतो.

५ जानेवारी, सोमवार
घडलं तसं लिहितो. पुढे कुणी काहीही सांगो.

ग्लेंडाने विचारलं, महापौरपदासाठी नावं? बड उठला. ठरल्याप्रमाणे माझं नाव घेतलं. तिथेच थांबायचं होतं. पण म्हणाला, आणि वेंडेल मला उपमहापौर करण्याचा शब्द पाळेल, असा विश्वास आहे.

शिरली म्हणाली, कसला शब्द? कुणाला? तो शब्द माझा आहे.

बड म्हणाला, तुझा कसा? माझ्या गॅरेजमध्ये दिला मला. शिरली म्हणाली, मग तुझ्या गॅरेजमध्ये बस उपमहापौर होऊन, मला पार्किंगमध्ये दिलाय. रेव्हरंड ग्रेडींनी चष्मा काढला आणि म्हणाले, बंधुभगिनींनो, मला चर्चच्या दारात मिळाला. मी त्यावर प्रार्थनाही केली. मग सगळे कोवाचकडे बघायला लागले. तो म्हणाला, माझ्याकडे बघू नका. मला वाटलं, भूल दिल्यामुळे वेंडेल बडबडतोय.

कॅमेरा चालू होता. उघड्या सभेचा कायदा. सगळे एकत्र, उघडपणे, माझ्याबद्दल बोलले. मिस्टर डूली आठ वर्षांत पहिल्यांदा हसले.

मी म्हटलं, आदरपूर्वक सांगतो, यात गैरसमज आहे. ग्लेंडा म्हणाली, साहेब, आधी नावाला अनुमोदन हवं. कुणाचं आहे का? थांबली. हेलन छताकडे बघत होती. बडने नाव सुचवलं होतं, त्याला अनुमोदन देता येत नाही, पण तो देणारही नव्हता. मला वाटलं शिरलीचा हात हलतोय, पण ती कानातलं नीट करत होती. ग्लेंडा म्हणाली, अनुमोदनाअभावी सूचना बाद. मतदानच नाही. पाच नाही, तीन नाही, एकसुद्धा मोजलं गेलं नाही.

मग हेलनने नूरचं नाव सुचवलं. अनुमोदन बडचं! नूर दचकलीच. म्हणाली, मी तर कुणालाच काही म्हणाले नव्हते. शिरली म्हणाली, म्हणूनच तर. सातही हात वर. माझाही. एकटा खाली ठेवला तर बरं दिसलं नसतं.

शेवटी उपमहापौर. रेव्हरंड म्हणाले, या पदाचं महत्त्व आम्हा प्रत्येकाला ज्यांनी इतक्या तळमळीने पटवून दिलं, त्यांच्याइतकं लायक कोण? एकमत. टाळ्यासुद्धा झाल्या.

घरी आलो तर जोलीन टीव्हीसमोर होती. आवाज चालू होता. जेवण गरम करून पुढे ठेवलं. हिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

६ जानेवारी
विचार केला तर उपमहापौर म्हणजे महापौराच्या एकच पायरी खाली. म्हणजे चढ बराचसा संपला. नूर तरुण आहे, बाहेरगावी वगैरे जाईल. तेव्हा सभा मीच चालवणार. उपमहापौरांचे फोटो लावायची पद्धत नाही, पण पद्धत सुरू करता येते. ग्लेंडाला विचारलं. म्हणाली, साहेब, भिंत संपलीय.

१४ जानेवारी
नूर नवीन महापौरांच्या शिबिराला राजधानीत जाणार. पुढची सभा माझी! जोलीनला सांगितलं. म्हणाली, मी येते या वेळी. आठ वर्षांत पहिल्यांदा. गंमत म्हणजे मी आग्रह केला नव्हता.

अजेंड्याचा गठ्ठा आणला. पहिली सहा पानं वाचली.

२० जानेवारी, मंगळवार
काल सुट्टी होती म्हणून सभा आज. निळा सूट घातला. सकाळपासून बर्फ. रेव्हरंड एका अंत्यविधीला. शिरलीला ताप. बड गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला, फोन बंद. मधल्या खुर्चीत मी, एका बाजूला हेलन, दुसऱ्या बाजूला कोवाच. तीन. सभा भरायला चार लागतात. अर्धा तास वाट पाहिली. समोर फक्त दोघे, मिस्टर डूली आणि पहिल्या रांगेत जोलीन, चांगला कोट घालून. तिने बोलण्याचा अर्ज भरून दिला होता. मला वाटलं, अभिनंदन करणार असेल.

ग्लेंडा कानाशी येऊन म्हणाली, साहेब, गणपूर्ती नाही, काहीच करता येणार नाही, लोकांचं बोलणंही ऐकता येणार नाही. जोलीन तोवर माईकपाशी येऊन उभी राहिली होती. मला सांगावं लागलं, बाई, बसा, सभा नाही. मिस्टर डूली तिला म्हणाले, माझंही एकदा असंच झालं होतं, मनाला लावून घेऊ नका. मी हातोडा आपटला. सभा तहकूब.

गाडीत विचारलं, काय बोलणार होतीस? म्हणाली, शनिवारी मी मॅक्सीनकडे जातेय. एकच तिकीट काढलंय. माझे गुडघे हा हिवाळा काढणार नाहीत, वेंडेल, आणि मीही नाही. घरी सांगितलं की तू नंतर बघू म्हणतोस आणि विषय हवेत विरतो. तिथे माईकवर बोलले असते, तर निदान ग्लेंडाने लिहून घेतलं असतं.

फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. शेवटी म्हटलं, तू पुढे हो, मार्चमध्ये बजेट पास झालं की दुसऱ्या दिवशी मी तिथे. ती बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाली, बरं.

घरी येऊन तिची बॅग माळ्यावरून काढून दिली. आता लिहिताना लक्षात आलं, आमच्या शहराचं बजेट मार्चमध्ये नसतं, जूनमध्ये असतं. तिला ते माहीत आहे. आठ वर्षं जूनचा महिनाभर ती एकटीच जेवते.