तिसरा तुकडा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे हे आधीच सांगतो, नाहीतर पत्र अर्धवट टाकून निघशील. मंगळवारी सकाळी अकराला आमच्या कारखान्यात, रंगखात्याच्या गच्चीवरची हवेची टाकी फुटली. लोखंडी कपाटांवर रंग फवारायला दाबाची हवा लागते, ती हीच. मी खाली कपाटांची दारं तपासत होतो. आवाज ऐकल्याचं मला आठवतच नाही. एकदम सगळ्या काचा खाली आल्या आणि मी हातातलं दार डोक्यावर धरून बसलो, एवढंच आठवतं. अजून कानात शिट्टी वाजतेय.

टाकी चालवणारे ऑपरेटरकाका इस्पितळात आहेत. डावा डोळा गेला, ऐकूही येत नाही. त्यात आपल्या दादाने, देखभाल खात्याचा प्रमुख म्हणून, अहवाल दिलाय की दाब वाढला की हवा सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह ठीक होता, काकांनीच हवा भरणारं मशीन वेळेवर बंद केलं नाही. काकू माझ्यापाशी रडल्या. म्हणाल्या, वीस वर्षांत हे एकदाही चुकले नाहीत. खरं-खोटं व्हॉल्व्ह सांगेल, पण तो ज्या तुकड्यावर होता तोच सापडत नाही. दादा म्हणतो, चुराडा झाला असेल.

तू मुलींना हेच शिकवतेस ना? मग सांग कुठे शोधू. टाकीच्या पाटीवर वजन शंभर किलो. गच्ची पाच मीटर उंच. चाळीस किलोचा तुकडा पूर्वेला पंधरा मीटरवर पडला, तीस किलोचा उत्तरेला वीस मीटरवर. गडगडत गेले ते धरलं नाही, पहिला खड्डा पडला तिथपर्यंत टेप लावली. सोमवारी सोळा तारखेला सरकारी तपासणी अधिकारी येणार आहेत.

उत्तराची वाट पाहतोय.

तुझा,
ठोकळ्या


७ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. कान डॉक्टरांना दाखव, शिट्टी आपोआप जाईल म्हणून अंगावर काढू नकोस.

आता तुझा प्रश्न. टाकी फुटण्याआधी स्वस्थ उभी होती, म्हणजे तिचा संवेग शून्य. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे तुला शाळेत घोकून घोकून सांगितलं होतं. स्फोट कितीही दांडगा असो, तो आतून झालेला असतो. एका तुकड्याला जितका इकडे ढकलेल, तितकंच बाकीच्यांना तिकडे. सगळ्यांच्या संवेगांची दिशेसकट बेरीज फुटल्यावरही शून्यच राहते.

पाच मीटर खाली पडायला साधारण एक सेकंद लागतो. तुकडे आडवे उडाले असं धरलं, तर जितके मीटर दूर पडले तितकाच त्यांचा वेग. पूर्वेला चाळीस गुणिले पंधरा, सहाशे. उत्तरेला तीस गुणिले वीस, तेही सहाशे. म्हणजे उरलेल्या तीस किलोंना पश्चिमेला सहाशे आणि दक्षिणेला सहाशे असा हिशोब चुकता करावाच लागेल. गच्चीपासून वीस मीटर पश्चिमेला जा, तिथून वीस मीटर दक्षिणेला वळ. सरळ रेषेत नैर्ऋत्येला अठ्ठावीस मीटर. सुटलेल्या हवेचाही थोडा वाटा असतो, तेव्हा दोन-तीन मीटर इकडेतिकडे बघ. चुराडा झाला असला तरी तो चुरा त्याच बाजूला पडलेला असणार.

कारखान्याचं नाव न घेता हे गणित मी अकरावीच्या वर्गात घातलं. चाळीसपैकी एकतीस मुलींचं उत्तर बरोबर आलं. एकीने विचारलं, बाई, तिथे कुणी उभं होतं का?

जपून राहा.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन गेलो. वीस मीटर पश्चिम, वीस मीटर दक्षिण. टेपचं टोक देखभाल खात्याच्या गोदामाच्या भिंतीला टेकलं. छपराचे सगळे पत्रे गंजलेले, एकच कोरा करकरीत. स्फोटानंतर जागोजागी पत्रे बदललेत, म्हणून कुणाला वावगं वाटलं नव्हतं. दार उघडंच होतं. आत कोपऱ्यात ताडपत्रीखाली तुकडा. ताई, व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट आहे. जाडजूड, पाना लावून आवळलेला.

मी तो नीट बघायला खाली बसलो. वर बघितलं तर दारात दादा. ओरडेल असं वाटलं, पण तो माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसला. म्हणाला, व्हॉल्व्ह गळत होता, दाब टिकेना, काम अडलं, नवीन यायला आठ दिवस होते. तेवढ्यापुरता त्याने स्वतःच्या हाताने बोल्ट मारला आणि काकांना व्हॉल्व्ह दुरुस्त केल्याचं सांगितलं. स्फोट झाल्यावर हा तुकडा छपरातून थेट त्याच्या टेबलाशेजारी आला. म्हणाला, माझं डोकंच चाललं नाही, ताडपत्री ओढली आणि मग ती काढायची हिंमत झाली नाही. तुझ्या गणितावरून इथवर आलो हे मी सांगितलं, तेव्हा शेवटी म्हणाला, ताईला कळव, गणित चुकलं, तिथे काही सापडलं नाही.

आपला दादा गं! ताई, कुठे चूक निघेल का? वाऱ्याचा काही परिणाम? तू म्हणालीस तर मी तसं धरतो.

ठोकळ्या


१३ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेच्या जिन्यात वाचलं. घंटा झाली, मुली माझ्या बाजूने वर्गात गेल्या आणि मी कठडा धरून तशीच उभी. दादाने मला सायकल शिकवली. पडले की आधी माझा गुडघा बघायचा, सायकल नंतर. तो हे करेल, हे मनाला अजून पटत नाही.

मी गणित पुन्हा तीनदा केलं. चूक निघावी म्हणून केलं, तुझ्यापासून काय लपवू. उत्तर दोन मीटरने सरकेल, बोल्ट सरकणार नाही.

तुकड्याला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. मी रविवारी येतेय. दादाला सांग, अधिकाऱ्यांपुढे मी त्याच्या शेजारी उभी राहीन, पण गोदामाचं दार उघडायला लावीन. त्याने ऐकलं नाही तर मी एकटी बोलेन. तूही गप्प राहू नकोस.

ताई


१९ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी अधिकाऱ्यांपुढे तू शेजारी होतीस म्हणून बोल्टचं खरं सांगता आलं. तू गेल्यावरचं कळवतो. मला कामावरून काढलं आहे. पोलिसांनी जबाब घेतला, खटला होईल. वकिलाने बोलू नका म्हणून बजावलं होतं, तरी काल इस्पितळात काकांकडे गेलो. ठोकळ्या बाहेर थांबला.

त्यांना ऐकू येत नाही, म्हणून सगळं कागदावर लिहून दिलं. बोल्ट मी मारला, तुमच्याशी खोटं बोललो, अहवालही खोटा दिला. त्यांनी कागद डोळ्याजवळ धरून सावकाश वाचला. मला वाटलं, हात उगारतील. खरं सांगतो, उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि खाली लिहिलं, पंधरा दिवस मी आठवतोय की मशीन बंद करायला मी विसरलो कसा, आणि विसरलो असं मला आठवायलाही लागलं होतं.

मग कागद काकूंना वाचायला दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.

दादा