एक किलोच्या आतला प्राणी

आदरणीय दादांना,

आपल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द फक्त लिहिण्यापुरता आहे. गुडघ्यांची हकीकत पुढे येईलच.) वहिनींनाही सांगावा. आपली साखर काबूत असेल आणि वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो, कारण मागच्या पत्रात मी दोन्हींची चौकशी केली होती आणि आपण उत्तरात फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतंत. इकडे आम्ही सातही जण खुशाल आहोत. आपण मागे आलात तेव्हा आम्ही दोघंच होतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र.

त्याचं असं झालं. आपली बहीण एकतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती आणि सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाली, हे आपण जाणताच. पहिला आठवडा ती झोपली. दुसऱ्या आठवड्यात तिनं मला हाती घेतलं. सकाळी ताप, न्याहारीआधी रक्तदाब, न्याहारीनंतर पुन्हा रक्तदाब (मधल्या अर्ध्या तासात मी काय केलं असेल याचा संशय). मी चष्म्याचं दुकान चालवणारा साधा माणूस. दुपारी जेवायला घरी यावं तर आधी जीभ दाखवायची, मग ताट. एकदा नुसता शिंकलो तर पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगला गेला. शेवटी एका दुपारी ती खिडकीपाशी बसून होती, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं हो." मी म्हटलं, पंखा लावू का. दादा, इतकी वर्षं मी लोकांच्या नजरा तपासतोय, पण त्या वेळी तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तिला लागेल अशी काच कुठल्याही कारखान्यात बनत नाही. त्याच संध्याकाळी ठरलं की प्राणी पाळायचा.

आता आमच्या सोसायटीचा नियम ऐका. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्यांचा भला दांडगा कुत्रा लिफ्टमध्ये बसला आणि अध्यक्षांना पाऊण तास बाहेर पडू देईना. तेव्हापासून ठराव झाला की कुठल्याही सदनिकेत एक किलोपेक्षा जास्त वजनाचा प्राणी ठेवता येणार नाही. एक किलोच का, हे विचारायची सोय नाही, कारण आमचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो दुकानदारांचे तराजू जप्त केले. त्यांना सगळे मागे 'काटेसाहेब' म्हणतात (पुढे कोणी काहीच म्हणत नाही). त्यांच्याकडे स्वतःचा पितळी काटा आहे आणि तो रोज पुसला जातो.

एक किलोच्या आत काय काय मिळतं ते बघायला आम्ही प्राण्यांच्या दुकानात गेलो. निघण्यापूर्वी आपल्या बहिणीनं अंदाजपत्रक केलं: महिन्याला नऊशे, आणि त्यातला एकही पैसा घरखर्चातून जाणार नाही, माझ्या फालतू खर्चातून जाईल. माझे फालतू खर्च तिनं आधीच लिहून ठेवले होते. दुकानासमोरचा चौथा चहा, दुसरं वर्तमानपत्र (पहिल्यातलं खरं आहे का ते बघायला मी घेतो), आणि शनिवारी मित्रांबरोबर पत्ते खेळताना हरतो ती रक्कम. दुकानदारानं आधी मासे दाखवले. ती म्हणाली, काचेपलीकडची बाळं बघण्यात माझा जन्म गेला, आता हातात घेता येईल असं दाखवा. मग कासव. त्याचा खर्च बरोबर नऊशेत बसत होता, पण दुकानदार अभिमानानं म्हणाला की हे साठ वर्षं जगतं. मी बासष्ट वर्षांचा. नऊशे गुणिले बारा गुणिले साठ हा गुणाकार मी तिथेच तोंडी केला आणि मला बसायला स्टूल द्यावं लागलं. हॅमस्टर दिवसभर झोपतो म्हणे. तसा एक घरात आहे, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. सशावर तिचा जीव जडला होता, पण तो कोवळ्या वयातच सव्वा किलोचा. शेवटी कोपऱ्यातल्या गिनीपिगवर शिक्कामोर्तब झालं. (हा डुकराचा कोणी लागत नाही. उंदराला शेपूट न लावता उशी करायला घेतली तर जे होईल, ते.) मी पैसे काढतो न काढतो तोच दुकानदार म्हणाला, "साहेब, एकटा नेऊ नका. झुरून मरतो." म्हणजे दोन. गवत दोघांचं, भुसा दोघांचा, रोज एकेक भोपळी मिरची दोघांना. अंदाजपत्रक दुकानाच्या दारातच अठराशेवर गेलं आणि माझा तिसरा चहाही बंद झाला. दोघंही नर आहेत, असं दुकानदारानं गळ्याला हात लावून सांगितलं. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू लागलो.

काटेसाहेबांनी लगेच सभा बोलावली. मुद्दा असा की एक किलो हा दर प्राणी की दर सदनिका? दोन तास चर्चा चालली. तळमजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या की सदनिका धरली तर मुंग्यासुद्धा मोजाव्या लागतील. शेवटी दर प्राणी असं ठरलं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला काटेसाहेब घरी येऊन वजन करणार असंही. पहिल्या महिन्यात थोरला सातशे दहा ग्रॅम, धाकटा सहाशे नव्वद. काटेसाहेबांनी वहीत नोंदवून सही घेतली. दुसऱ्या महिन्यात धाकटा तेवढाच, आणि थोरला आठशे ऐंशी.

दादा, घरावर अवकळा आली. आपल्या बहिणीनं थोरल्याचा आहारतक्ता बनवला आणि पलंगाच्या पायथ्याशी माझ्या तक्त्याच्या जागी टांगला. (इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतका अपमानही.) मिरची अर्धी झाली. रोज दुपारी जेवणानंतर थोरल्याला दिवाणखान्यात फेऱ्या घालायच्या ठरल्या, पण तो एकटा चालेना. मागून कोणीतरी रांगत आलं तरच पुढे सरकायचा. रांगायला घरात मीच. पंचवीस दिवस मी सोफ्याखालून, टेबलाखालून त्याच्यामागे रांगलो. माझं वजन तीन किलोंनी उतरलं, त्याचं चढतच राहिलं. कोणीतरी चोरून खायला घालतंय असा संशय आला आणि घरात दोनच माणसं असल्यामुळे तपास फार लांबला नाही. (मी घालत होतो. पण मिरचीचा एकच तुकडा. फार तर दोन. तो रिकाम्या वाटीकडे ज्या पद्धतीनं बघायचा, ते आपण पाहिलेलं नाही.)

तिसरी एक तारीख. काटेसाहेब काटा घेऊन आले. थोरल्याला पारड्यात ठेवलं, काटा थरथरत थांबला. एक किलो एकशे दहा. काटेसाहेबांनी खिशातून छापील नोटीस काढली, आठ दिवसांत प्राणी हलवावा, आणि टेबलावर वाकून तारीख घालू लागले. आपली बहीण माझ्यासमोर कधी रडली नाही, आपल्या आईच्या वेळीही नाही. तिनं त्या क्षणी पदर तोंडाला लावला. मी नोटीस फाडावी की काटेसाहेबांचे पाय धरावेत या विचारात होतो (गुडघ्यांमुळे फाडणंच सोपं होतं), तेवढ्यात पारड्यातून चूं असा आवाज आला. बघतो तर थोरल्याशेजारी आणखी एक थोरला, अंगठ्याएवढा लांब, अंगभर केस, डोळे टक्क उघडे.

एकतीस वर्षांत हजारो बाळंतपणं केलेल्या बाईनं एका गरोदर बाईला महिनाभर पथ्यावर ठेवलं होतं आणि तिला टेबलाखालून पळवलं होतं! पण पुढच्याच क्षणी ती बाई नर्स झाली. मला म्हणाली टॉवेल, काटेसाहेबांना म्हणाली बाजूला व्हा. ते झाले. वीस मिनिटांत आणखी दोन आली. ती एकेक पिल्लू उचलून टॉवेलात ठेवी आणि प्रत्येक वेळी काटा खाली येई, आणि सवय म्हणा, धर्म म्हणा, काटेसाहेब हलक्या आवाजात आकडे वाचत वहीत लिहीत गेले. शेवटी पारड्यात फक्त आई उरली. आठशे वीस. काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला (काच माझ्याच दुकानातली), आणि वहीत लिहिलं: बाळंतीण, नियमात बसते. नोटिशीची घडी करून त्यांनी टॉवेलाखाली घातली, ओल लागू नये म्हणून.

आता ते रोज संध्याकाळी पिल्लांची वाढ नोंदवायला येतात आणि आमचा चहा पितात. दुकानदार म्हणतो, धाकट्याला तातडीनं वेगळा ठेवा, नाहीतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पुन्हा तेच. त्यामुळे दुसरा पिंजरा आला आणि माझं पहिलं वर्तमानपत्रही गेलं. (जुने अंक मात्र पिंजऱ्यात अंथरलेले असतात, ते मी वाचतो.) आपली बहीण आता माझा रक्तदाब विसरते. परवा मी दिवसभर नुसता खोकत होतो, तिनं पाहिलंसुद्धा नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एकंदर सगळं छान चाललंय, मागणं काही नाही, फक्त कळवावं म्हणून हे पत्र.

आपला,
मेहुणा

ता. क. आपल्या घराला अंगण आहे आणि तिथे गवत फुकट उगवतं, हे सहज आठवलं. महिन्याचा खर्च साडेचार हजारांवर गेला आहे. तिन्ही पिल्लं आपण न्यावीत, अशी आपल्या बहिणीची इच्छा आहे.

ता. क. २. तपकिरी पिल्लाला डावीकडून उचललेलं चालत नाही. ठिपकेवालं कोणी गुणगुणल्याशिवाय खात नाही. वहिनींना खोकल्यामुळे गुणगुणणं जमेल ना?

ता. क. ३. दोनच न्यावीत. पांढरं फार लहान आहे.

ता. क. ४. आपल्या अंगणात मांजरं येतात हे आत्ता लक्षात आलं. तूर्त राहू द्यावं. वरचं काही लिहिलं नाही असं समजावं.

दादा, ही खालची अक्षरं माझी. हे पत्र ह्यांनी चौथ्यांदा लिहिलंय. आधीची तीन घेऊन पोस्टात टाकायला गेले आणि तिन्ही वेळा मिरच्या घेऊन परत आले. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं असेल तर ते मी टाकलंय असं समज. तिन्ही ने. येताना झाकणाची टोपली आण, आणि अकरा ते एकच्या मध्ये ये. तेव्हा हे दुकानात असतात.