लांबची धावपट्टी

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. खांदा आता बराच हलतो, पेन धरता येतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई विचारतात, स्नायू एवढा ताणला तरी कशाने? मी म्हणते, जड वस्तू बराच वेळ धरून ठेवली होती. खोटं नाही ते. चौकशी संपेपर्यंत कंपनीने मला जमिनीवरच ठेवलंय. विमानतळाजवळची ही खोली मी नुसती पाठ टेकायला घेतली होती, आता दिवसचे दिवस इथेच जातात. डोक्यावरून विमान गेलं की कुठलं ते आवाजावरून ओळखते. सवय जात नाही. स्वयंपाकाचा कंटाळा येतो, पण जेवते. पोरीला सांग, आत्या नीट जेवते.

तुला आठवतं, तू लहानपणी झोपाळ्यालाही घाबरायचास? मी उंच झोका घ्यायचे आणि तू खाली माझ्या चपला धरून उभा राहायचास. पुढे तू लग्न केलंस ते नेमकं अशा मुलीशी, जिला खिडकीशिवाय प्रवास म्हणजे शिक्षा वाटायची. घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, विमानाचे पंख उघडतात म्हणजे नक्की काय होतं? मी ताटावर चमचा धरून दाखवलं. बाबा म्हणाले, ही चिमणी आता घर डोक्यावर घेणार. तेव्हापासून ती सगळ्यांची चिमणीच झाली. अपघात झाला त्या दिवशी ती एकटीच माहेरी निघाली होती आणि योगायोगाने विमान माझं होतं. पंखाच्या मागची खिडकी तिला मीच मिळवून दिली. दारातून आत येताना तिने मला कडक सलाम ठोकला आणि माझ्या सहवैमानिकाला म्हणाली, आमच्या ताईंवर लक्ष ठेवा हं, त्या गाडी फार जोरात चालवतात. तो सहसा हसत नाही, आम्ही त्याला मौनी म्हणतो. पण तेव्हा हसला.

पुढचं तू वर्तमानपत्रांत वाचलंस. त्यात लिहिलंय ते बहुतेक खरं आहे, पण ते बाहेरून पाहिलेलं आहे. आम्ही अजून वर चढत होतो. आधी एक आवाज झाला, लोखंडी कपाट जिन्यावरून पडावं तसा, आणि विमान डावीकडे कलंडलं. एवढं हादरत होतं की समोरच्या तबकड्या वाचता येईनात. कानांत दडे बसले, म्हणजे आतली हवा बाहेर चालली होती. आम्हाला शिकवलेलं असतं, आधी विमान सांभाळायचं, मग कुठे जायचं ते बघायचं आणि बोलायचं सगळ्यात शेवटी. माणूस उलटं करतो, आधी ओरडतो. म्हणून वर्षानुवर्षं तोच सराव करून घेतात. मी मास्क ओढला, सुकाणूचं चाक उजवीकडे दाबून धरलं आणि माणसांना श्वास घेता येईल एवढ्या उंचीवर विमान खाली आणायला लागले. मौनीने डाव्या इंजिनचं इंधन तोडलं. आग लागली तर काय, दाब गेला तर काय, ते सगळं तो पुस्तिकेतून मोठ्याने वाचत होता, एकेक ओळ, किराणा वाचून दाखवावा तशा आवाजात. त्या आवाजाने मला किती धरून ठेवलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या उंचीवर आल्यावर केबिनच्या प्रमुख बाईंचा फोन आला. इंजिनचा तुकडा उडून डाव्या बाजूची एक खिडकी फुटली होती. खिडकीतल्या बाई अर्ध्या बाहेर ओढल्या गेल्या होत्या, दोघा-तिघांनी त्यांना आत घेतलं होतं. फार लागलंय, म्हणाल्या, पण श्वास चालू आहे. मग त्यांनी रांग सांगितली.

धाकट्या, ती रांग मला पाठ होती.

मौनीनेही ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, कुठे? दोन ठिकाणं होती. एक जवळ, जवळपास समोरच. पण तिथली धावपट्टी आखूड, आणि ती संपते तिथे बांध आणि त्याच्यापलीकडे नदी. दुसरी लांबची, पण भरपूर मोठी, अग्निशमनाच्या गाड्या आणि मोठं रुग्णालय असलेली. डावा पंख फाटला होता, वेग कमी करायला जे पंखातून उघडावं लागतं ते उघडेल याचा भरवसा नव्हता. म्हणजे उतरताना वेग फार असणार. मौनीने हिशोब केला आणि मान हलवली, जवळच्या पट्टीवर आपण थांबणार नाही. मी म्हटलं, परत कर. त्याने परत केला. उत्तर तेच आलं.

मागे शंभरावर माणसं होती. मी म्हटलं, लांबचं.

त्या वाटेवर मी एकदाही मागे फोन केला नाही. करता आला असता. पण श्वास थांबला असं कळलं असतं तर माझे हात कसे वागले असते, कोण जाणे. आणि अजून चालू आहे असं कळलं असतं, तर कदाचित मी वळले असते. उतरलो तेव्हा टायर फुटले, ब्रेकना आग लागली, आणि पट्टीचं शेवटचं टोक नाकासमोर आल्यावर आम्ही थांबलो. बाकीचे सगळे उतरल्यावर मी मागे गेले. एक दातांचे डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान खाली घातली. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचे पाय सबंध वेळ धरून ठेवले होते. त्यांची बोटं सुटेनात, मला एकेक सोडवावं लागलं. तिचा चेहरा मी झाकला. तू आलास तेव्हा तो झाकलेलाच होता, ते मी केलं होतं.

रुग्णालयात तुला सांगितलं की ती जागच्या जागी गेली. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. लवकर उतरलो असतो तर ती वाचली असती का, हे मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

तुझा निरोप मी कितीदा तरी ऐकला. रविवारी घरी ये, पोरगी आत्या आत्या करते, असं म्हणालास. आणि पुढे म्हणालास, लोक काहीबाही बोलतात, पण मी प्रत्येकाला सांगतो की मागे जखमी कोण आहे हे ताईला ठाऊकच नव्हतं, ठाऊक असतं तर तिने विमान तिथल्या तिथे उतरवलं असतं. त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी विमान लांब नेलं, आणि उद्या तीच वेळ आली तर पुन्हा तिकडेच नेईन. ही माफी नाही, मागायची कशी तेही मला कळत नाही. पण तू माझ्यासाठी लोकांशी भांडावंस आणि ते खोट्याच्या जोरावर, हे मला सोसवणार नाही. रविवारी मी येईन. वर येणार नाही, तुझ्या इमारतीसमोरच्या बाकावर बसेन. वरून हाक मारलीस तर जिना चढेन. नाही मारलीस तर थोडा वेळ बसून परत जाईन. तुझ्यावर राग धरणार नाही.

तुझीच,
ताई