नातेवाईक संच

तीर्थरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (दर पत्रात हा सवयीने लिहितो; आज खरोखर उठून, खुर्ची बाजूला सारून घातला आणि मगच लिहायला बसलो.) गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना? सध्या डोळ्यांना ताण देऊ नकोस. विशेषतः गुळगुळीत, रंगीत कागदावरचं बारीक अक्षर तर वाचूच नकोस. कारण खाली येतंच आहे.

आमच्या छापखान्यात त्या राक्षस-जादूगारांच्या खेळाची कार्डं छापतात, हे तुला ठाऊक आहे. बंद पाकिटात दहा कार्डं; आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पोरं (आणि आमचा मशीनवाला, वय बावन्न) नुसती वेडी होतात. दर काही महिन्यांनी कंपनी नवा संच काढते. जेवणाच्या सुट्टीत आम्हीही खेळतो. तिथे मला हुक्की आली, की या राक्षसांपुढे आपले नातेवाईक काय कमी आहेत? काढला मी 'नातेवाईक संच'. मधली काकू : शक्ती नऊ. 'निघते, निघते' म्हणत दारात उभी राहते, तोवर समोरच्याला खेळता येत नाही. धाकटे काका : वर्तमानपत्र उघडलं की कोणताही हल्ला लागत नाही. आणि तू. तुझ्यावर लिहिलं : 'आत्या. शक्ती चार. मला भूक नाही म्हणते आणि नंतर ओट्याशी उभ्याने काहीतरी खाते. समोरच्याला अपराधी वाटून त्याचा एक डाव वाया जातो.' सगळे खो खो हसले. मीही हसलो, लपवत नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की मोठ्या कागदावर कार्डांच्या ओळी बसवल्या की तळाशी एक ओळ रिकामी उरते, ती कामगारांची. कोणी त्यात पोरांच्या वह्यांची लेबलं छापतो, कोणी 'दार हळू लावा'च्या पाट्या. मी तुम्हा सगळ्यांना छापलं. मागची नक्षी तीच, कोपऱ्यांची गोलाईही तीच (कामात कसर ठेवणं माझ्या स्वभावात नाही, तेच नडलं). कापून झालं की ती पट्टी हाताने बाजूला काढायची असते. मी कटरपाशी उभा राहून मधल्या काकूची नक्कल करण्यात रंगलो होतो. पट्टी गठ्ठ्यात गेली, गठ्ठा पाकिटं भरायच्या मशीनमध्ये, आणि तुम्ही सगळे दुकानांत.

मालकांनी बोलावलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "इतकी वर्षं राक्षस छापले, कोणी विचारलं नाही. तुझी काकू छापली, तर दुकानदार म्हणतायत, आणखी आहे का?" नोकरी वाचली. खरी शोभा पुढेच झाली. आमच्याकडे पाकिटं तपासणाऱ्या एक मावशी आहेत. काही दुकानांतून पाकिटं परत आली होती; त्या ढिगातून त्यांनी तुझं कार्ड उचललं, वाचलं आणि हसल्या नाहीत.

"किती माणसं होता घरात?"

"पाच. मी काम शिकायला राहिलो तेव्हा सहा."

"आणि भूक नाही असं त्या कधीपासून म्हणायला लागल्या?"

आत्या, मला उत्तर येत होतं. तीन वर्षं तुझ्याकडे चापून जेवलो, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि माझ्या डोक्यात राहिलं काय, तर आत्याची गंमत आहे, उभ्याने खाते. मला माझी लाज वाटते. हे सरळच लिहितो. फिरवून लिहायची करामत नको तिथे करून झाली आहे.

घरी सर्वांना नमस्कार. (मधल्या काकूला इतक्यात नको.)

तुझा खादाड भाचा

ता. क. : खरं काम हे. तुझ्या नातीला मी गेल्या आठवड्यात पाकिटांचा डबा दिला, तो त्याच गठ्ठ्यातला निघाला आहे. काहीही थाप मार, पण तिला तो फोडू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. : पत्र चिकटवत होतो तेवढ्यात नातीचा फोन आला. डबा फोडला. तुझी तीन कार्डं निघाली, मधल्या काकूचं एक. तू चष्मा लावून वाचलंस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस म्हणे. तक्रार एकच, 'मधलीला नऊ आणि मला चार का?' शिवाय मला निरोप, की तेव्हा तुला खरंच भूक नसायची. तरी पत्र टाकतोच आहे, फोनवर मला हे बोलता येणार नाही. आणि आत्या, इतकं सफाईने खोटं बोलणारीला मी चारच दिले, हीसुद्धा माझीच चूक.