तीन पाकिटं, एकच औषध

प्रिय लेकी,

आधी बस, हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आनंदाच्या भरात घाईघाईनं लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझे बाबा आज सकाळी शब्दकोडं सोडवत होते! एक शब्द अडला म्हणून माझ्यावरच खेकसले, आणि त्या खेकसण्यानं मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

अगं, झालं असं. वृद्धाश्रमाचा अर्ज तू पाठवलास, त्यात चालू औषधांची यादी मागितली होती. मी भिंग घेऊन बसले. नुसती नावं उतरवायची होती, पण छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासलेली बाई मी, बारीक अक्षर सोडते की काय! डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी, एक सर्दीची, एक झोपेची. तीन रंग, तीन नावं, तीन कंपन्या. आणि खाली तिन्हींवर तेच लांबलचक नाव, डायफेनहायड्रामिन. डोळ्यांवर विश्वास बसेना. अक्षर न् अक्षर लावून पाहिलं, एकच!

तशीच चपला अडकवून औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या फार्मासिस्टबाईंनी तिन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, आजोबांना दिवसा गुंगी येते का, बोलताना गोंधळतात का. मला रडूच फुटलं. या वयात हे औषध एकपट घेतलं तरी डोक्यात गोंधळ होऊ शकतो म्हणाल्या, आणि हे तर तिप्पट घेत होते. मनानं काही बंद करू नका असं बजावून त्यांनीच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी खाजेची गोळी बदलली, बाकीच्या दोन थांबवल्या. त्या दोन गोळ्यांचा त्या बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता.

कारण त्या मी आणल्या होत्या. चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणजे साध्याच असणार, असं धरून चालले. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. मागच्या खेपेला बाबांनी तुला 'आपण कोण?' म्हणून विचारलं आणि तू जिन्यात जाऊन रडलीस. वय झालंय गं त्यांचं, असं मी तुझी समजूत घालत होते. त्याच संध्याकाळी झोपेची ती गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली. मला माफ कर.

आता तीन आठवडे झाले. वयाचा विसर थोडा राहीलच, हुरळून जाऊ नका, असं डॉक्टर म्हणतात. मी हुरळलेय! ते अजून किल्ल्या हरवतात, पण त्या माझ्याही हरवतात. तेव्हा पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करू नकोस. फोन न करता पत्र का, तेही सांगते. तो अर्ज परत पाठवायला म्हणून तुझा नवा पत्ता मी वहीत शोधत होते, तेवढ्यात त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि एका दमात लिहून टाकला, घरक्रमांक, मजला, सगळं. मी तपासला, एकही चूक नाही. पाकीट फेकलं नसशील तर परत हातात घे. खाली तुझं खरं नाव मी घातलंय, नाहीतर पोस्टमन गोंधळायचा. त्यांनी वर लिहिलंय 'ठमाबाई', तेच एकटे तुला हाक मारतात तसं.

तुझीच,
वेंधळी आई