अमृता खरं बोलत होती

मी, श्रीमती वासंती हरिहर ओगले, वय त्र्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार शरीराला आहे, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणील असे कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी भाचा सलिल यास. व्यवस्थापकही तोच. सलिल, दिवसकार्य करू नकोस. कॉलेजात शोकसभा तर मुळीच नको.

२. कल्याणच्या ज्या मिशनरी कॉलेजात मी एकतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, तिथे विभागात आम्ही तिघेच. दारावरच्या फलकावर नावांपुढे संशोधनाचे विषय होते. फादर इग्नेशियस, क्षमा. महिपत गोळे, वचन आणि कर्तव्य. माझा विषय, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा. विभाग बंद झाला तेव्हा शिपायाने तो फलक मला आणून दिला. तो भंगारात द्यावा.

३. महिपत यांना काही नाही. त्यांच्या गौरवग्रंथात त्यांच्या सचोटीवर माझा लेख आहे. माझ्याकडच्या प्रती कोणत्याही ग्रंथालयास देऊ नयेत.

४. कारण लिहून ठेवते. आंबिवलीची अमृता भोईर आमच्याकडे एम.ए.ला होती. मेलेल्या माणसाला दिलेले वचन बांधील असते का, यावर ती महिपतांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. शिलाई मशीन कधी विकणार नाही, असे तिच्या आईने शेवटच्या आजारात तिच्याकडून कबूल करून घेतले होते. प्रबंध त्यातून निघाला. एके दिवशी ती महिपतांचा छापील लेख घेऊन आली.

"मॅडम, हे माझं आहे. यात माझी आई आहे."

"अगं, गाइडचे आणि विद्यार्थ्याचे विचार जुळतातच. पुरावा आहे का?"

"वही सरांकडेच आहे. तुम्ही विश्वास ठेवा ना माझ्यावर."

लेख न वाचताच मी तिला सरांची माफी मागायला सांगितले. ती उठून गेली. पुन्हा कॉलेजात आली नाही.

चार वर्षांनी विभागाचे कपाट रिकामे करताना फादरांना ती वही सापडली. पानोपानी तारखा, खाली महिपतांच्याच सह्या. लेखातली वाक्ये जशीच्या तशी. मी कॉलेजला पत्र लिहिले. विभागच अस्तित्वात नाही, असे उत्तर आले. महिपत फोनवर म्हणाले, "वासंतीताई, आता कशाला?" मला क्षमा आहे का, असे फादरांना विचारले. ते म्हणाले, "मी करून काय उपयोग? माझं तुम्ही काय बिघडवलंय?" गेल्या वर्षी फादर वारले.

शीळफाट्याच्या एका गोदामात अमृता पार्सले मोजते. तिथे गेले. वही पुढे केली. तिने हात लावला नाही.

"मशीन विकलं मी, मॅडम. बाबा आजारी पडले. चालतं का तसं, ते सरांनी लिहिलंय ना, वाचा त्यात. वही नको मला. पाठवू पण नका."

मी वही परत पिशवीत ठेवली. ती कामाला लागली.

५. सलिल, माझ्यामागे ती वही तिला पाठवू नकोस. तुला पाठवावीशी वाटेल, तरी नको. ती नको म्हणाली आहे. निदान एवढे तरी तिचे ऐकले जावे. लेख महिपतांच्या नावावर आहे आणि तसाच राहील.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

(सही) वासंती हरिहर ओगले

साक्षीदार:
(सही) डॉ. क्षिप्रा लेले
(सही) सिद्धेश म्हात्रे, शेजारी

डोंबिवली, १९ नोव्हेंबर २०२४