लेडीज रूमचा चार्ज

सातारा

प्रिय विजयमाला,

आपल्या कॉलेजातल्या लेडीज रूमचं कुलूप परवा हातोडीने तोडावं लागलं आणि त्यात तुझा संबंध आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे सांगलीला न येताही मला ठाऊक आहे. इकडे सर्व ठीक. ह्यांचा मोतीबिंदू काढला. आता त्यांना घरातली धूळ दिसते आणि ती ते मलाच दाखवतात.

शेवटच्या वर्षाला मी विद्यार्थिनी प्रतिनिधी म्हणून निवडून आले होते, हे तू विसरली नसशील. (सात मतांनी पडल्यावर तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस.) लेडीज रूमची किल्ली माझ्याकडे असे. गॅदरिंगला नाटकाचे कपडे बदलायला तू ती नेलीस आणि घाईघाईत परत आणून पाकिटात टाकलीस. मी पाकीट तिथेच डिंकाने चिकटवलं आणि वर सही केली. पुढच्या प्रतिनिधीला रीतसर चार्ज द्यायचा होता. पण पुढच्या वर्षापासून निवडणुकाच बंद झाल्या. गुणांवर नेमलेल्या दोन मुली वेगवेगळ्या वर्षी किल्ली मागायला आल्या. मी त्यांना चहा दिला, किल्ली दिली नाही. जिला मुलींनी निवडलं नाही, तिला मुलींच्या खोलीचा चार्ज कसा द्यायचा? (आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचंही मत हेच पडलं.) त्यानंतर तीस वर्षं कुणी आलं नाही. खोलीचं काय झालं हे बघायला मीही गेले नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात शिवांजली आली. माण तालुक्यातली मुलगी, शेवटच्या वर्षाची, कॉलेजच्या विकास समितीवर विद्यार्थ्यांची प्रतिनिधी. अर्थात गुणांवर नेमलेली. तिने समितीची जुनी इतिवृत्तं वाचून काढली होती. समितीतल्या दुसऱ्या कुणी ती वाचली असतील असं वाटत नाही. दर वर्षी एकच ठराव: किल्ली माजी विद्यार्थिनी प्रतिनिधीकडे आहे, ती मिळताच खोली उघडावी. एकमताने मंजूर. मी तिलाही चहा दिला आणि माझा नियम सांगितला. तिने कप खाली ठेवला.

“काकू, आमची गाडी सकाळी सातला सोडती. परत जायला चारची हाय. तवर आमी जिन्यात बसतो, डबा बी तिथंच खातो. पोरं वरखाली जात्यात, आमी पाय आखडून घ्यायचे. दोघींनी ह्या वर्षी कॉलेज सोडलं. तुमच्या नियमात बसायला काय करू, तेवढं सांगा.”

मी म्हणाले, निवडून ये.

आठ दिवसांत ती निवडून आली. त्याच जिन्यात मतदान झालं. मतपेटी म्हणून पाच जणींचे रिकामे डबे. विरोधात पाटणची माया उभी होती, ती चोवीस मतांनी पडली. मतमोजणीचा कागद घेऊन माझ्या दारात आली ती मायाच. (हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते आहे.)

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींसमोर मी पाकीट फाडलं. किल्ली फिरेना. शिपाई भाऊसो यांनी तेल घातलं, मी जोर लावला, तरी फिरेना. कुलूप गंजलंय, असं मी ठामपणे सांगितलं. भाऊसोंचं म्हणणं, तोडायचं तर वरून लेखी आणा. म्हणजे समितीची पुढची बैठक, म्हणजे शिवांजली कॉलेजातून गेल्यावर. तिने पिशवीतून ठराव काढला.

“भाऊसोमामा, किल्ली मिळाली. आता खोली उघडावी असं लिवलंय. किल्लीनंच उघडावी असं कुठं हाय?”

हे वाक्य तीस वर्षांत एकाही समितीला सुचलं नाही. मलाही नाही. भाऊसोंनी ठराव दोनदा वाचला आणि हातोडी आणायला गेले.

आत धूळ, चार बाकं आणि आपला तो तडा गेलेला आरसा. मुलींनी तासाभरात खोली झाडून घेतली आणि मला पहिल्या बाकावर बसवलं. भिंतीवरच्या फळ्यावर प्रतिनिधींच्या यादीत शेवटचं नाव अजून माझंच होतं. त्याखाली त्यांनी शिवांजलीचं लिहिलं. मधली वर्षं कुठे गेली, हे एकीनेही मला विचारलं नाही. उलट डब्याच्या झाकणात भाकरी आणि ठेचा पुढे केला. त्या मुलींचे उपकार मी विसरणार नाही. तसं बोलून दाखवायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की झाडू कोपऱ्यात उभा ठेवा.

तुझी,
संयोगिता

ता. क. कुलूप गंजलेलं नव्हतं. पाकिटातून निघालेल्या किल्लीला हिरव्या लोकरीचा गोंडा होता. हॉस्टेलात स्वतःच्या प्रत्येक वस्तूला असा गोंडा कोण बांधायचं, ते तू जाणतेस. मी तो मुठीत लपवला. शिवांजलीने पाहिला असावा, कारण ती हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या काकू, चार्ज पोचला.”

आणखी एक. त्याच वर्षी तुझ्या लग्नात तुझ्या ट्रंकेचं कुलूप तोडावं लागलं होतं. किल्ली तुझ्या भावजयीने, राहीवहिनीने दडवली असं धरून तू आजवर तिच्या घरी पाणी प्यायली नाहीस. तिची माफी माग. गुडघ्याची सबब चालणार नाही. लेडीज रूमची किल्ली तुझ्याकडे सापडली तर ठेवून घे, तिचं कुलूप आता नाही.

हस्तांतर: ट्रंकेची किल्ली, नग एक, हिरव्या गोंड्यासह. काल लोणंदला राहीवहिनीच्या हाती दिली, तिची सही घेतली. चार्ज तिच्याकडून समक्ष जाऊन घ्यावा.